मोफत कन्व्हर्टरबरोबर घुसलेलं स्पायवेअर: काढलं तरी परत का येतं?

टंकन_भंवरकुआं
नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या भंवरकुआंच्या टायपिंग केंद्रात सहा कॉम्प्युटर आहेत, चारांवर विंडोज ११, दोनांवर विंडोज १०. सीपीसीटीची (मध्य प्रदेशातल्या संगणक-टंकन परीक्षेची) तयारी करणारी मुलं कृतीदेव फॉन्ट ते युनिकोड कन्व्हर्टर, रेमिंग्टन गेलचा कळफलक, पीडीएफचं वर्ड करून देणारं सॉफ्टवेअर, असं जे फुकट मिळेल ते उतरवतात. तीन मशीनवर सध्या एकच अवस्था आहे. क्रोममध्ये काहीही शोधलं की आधी एका अनोळखी पत्त्यावर जातं आणि तिथून भलत्याच शोधयंत्रावर. एका एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं, 'रिमूव्ह' बटणच राखाडी आहे. क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं दिसतं, आणि इथे तशी कुठलीच संस्था नाही. दोन संशयित प्रोग्राम काढले, रीस्टार्टनंतर एक परत हजर. अँटिव्हायरस सगळं ठीक म्हणतो. यातल्या एका मशीनवरून डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी साधन) लावून जीएसटीचं कामही होतं. फॉरमॅट न करता निस्तरेल का?

रामबाग_नेटवर्क
बहुतेक निस्तरेल, पण क्रम चुकवू नका. काढलेला प्रोग्राम परत येतो याचा अर्थ तुम्ही फक्त माल बाहेर काढलाय, तो माल आणून टाकणारा अजून आत बसलाय. आधी त्याला पकडायचं.

हे आत कसं येतं ते थोडक्यात. तुम्ही कन्व्हर्टर म्हणून जी फाइल उतरवता ती बऱ्याचदा कन्व्हर्टर नसतेच, एक-दोन एमबीचं वेष्टन असतं. ते चालू झाल्यावर नेटवरून 'ऑफर' मागवतं, आणि प्रत्येक यशस्वी इन्स्टॉलमागे वाटणाऱ्याला पैसे मिळतात. त्या ऑफरच्या खिडकीत 'ॲक्सेप्ट' ठळक हिरव्या रंगात आणि 'डिक्लाइन' फिकट अक्षरांत असतं. मुलं घाईत दाबत जातात. कागदोपत्री ही संमती ठरते, म्हणून अँटिव्हायरस याला व्हायरस न म्हणता 'नको असलेलं ॲप' या वर्गात टाकतो, आणि त्या वर्गाची अडवणूक बंद असेल तर चकार शब्द काढत नाही.

पहिली गोष्ट, मशीनचं नेट काढा. लॅन केबल उपटा किंवा वायफाय बंद करा. नेट चालू असताना साफसफाई केली तर एक तुकडा काढेपर्यंत दुसरा तुकडा त्याला पुन्हा उतरवून घेतो. लागणारी साधनं स्वच्छ मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. सुरुवातीला फक्त दोन: मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं ऑटोरन्स, जे आपोआप चालू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवतं, आणि मालवेअरबाइट्सचं ॲडब्ल्यूक्लीनर, जे जाहिरातवाले प्रोग्राम शोधतं. दोन्ही मोफत, दोन्ही त्यांच्या मूळ साइटवरूनच. साधन शोधताना सर्चच्या वरच्या जाहिरातीवर क्लिक केलंत तर तिथूनच नवा पाहुणा येईल.

मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा. कन्व्हर्टर ज्या दिवशी आला त्याच दिवशी आणखी काय काय आलं ते कागदावर उतरवा. अजून काहीही काढू नका. ही तारीख पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडते.

आता ऑटोरन्स 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' या दोन्हींवर खूण करा, म्हणजे यादी आटोक्यात येते. गुलाबी ओळ म्हणजे सही नाही किंवा पडताळता आली नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी दिसलं म्हणजे वाईटच असं मुळीच नाही, बरीच जुनी प्रिंटर सॉफ्टवेअर गुलाबीच दिसतात. पाहायचा तो फाइलचा रस्ता. प्रोग्राम फाइल्समध्ये न बसता ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटामधल्या अर्थहीन नावाच्या फोल्डरमधून काही चालत असेल तर तिथे थांबा.

'लॉगऑन'पेक्षा 'शेड्यूल्ड टास्क्स' (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि 'सर्व्हिसेस' (पडद्याआड चालणारे प्रोग्राम) हे दोन टॅब जास्त बारकाईने पाहा. परत येणारा प्रोग्राम बऱ्याचदा टास्कमधून येतो. टास्कचं नाव 'अपडेट', 'हेल्पर' असं साळसूद असतं. त्यामागे डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए किंवा पॉवरशेल (लिहून दिलेल्या आज्ञा चालवणारे विंडोजचे प्रोग्राम) आणि पुढे लांबलचक गिचमीड अक्षरं असतील तर ते अपडेट नव्हे. इथे एक फसगत होते: डब्ल्यूस्क्रिप्ट आणि पॉवरशेल स्वतः मायक्रोसॉफ्टचेच, त्यामुळे प्रकाशकाचं नाव वाचून माणूस निश्चिंत होतो. प्रकाशक पाहू नका, पूर्ण आज्ञा पाहा.

संशयित ओळ डिलीट करायची नाही, फक्त समोरची खूण काढायची. चूक झाली तर खूण परत लावता येते. दोन नोंदी एकमेकींवर पहारा देत असतील, म्हणजे सर्व्हिस टास्कला उठवते आणि टास्क सर्व्हिसला, तर दोन्ही एकाच बैठकीत बंद करा आणि मगच रीस्टार्ट. त्यानंतर मघाच्या कागदावरचे प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. आता ते परत येणार नाहीत.

अनइन्स्टॉलर चालू झाल्यावर प्रश्न नीट वाचा. 'तुम्हाला हे ठेवायचं नाही असं नाही ना' अशा धर्तीची उलटी वाक्यं आणि जागा बदललेली बटणं मुद्दाम असतात.

कळफलक
रामबागभाऊंनी मूळ सांगितलं, मी राखाडी बटणाचं सांगतो. त्या एक्स्टेन्शनचा आणि 'संस्थे'चा संबंध आहे, दोन वेगळे रोग नाहीत.

मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर सक्ती करता यावी म्हणून क्रोममध्ये 'पॉलिसी' नावाची सोय आहे. स्पायवेअर तीच वापरतं. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं लिहून एंटर करा. एकट्यादुकट्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी, काही अँटिव्हायरस एखाद-दुसरी नोंद करतात तेवढी सोडून. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची ओळ दिसली की चोर सापडला. तिच्यात बत्तीस अक्षरांची ओळखखूण असते. एक्स्टेन्शनच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू करून तीच बत्तीस अक्षरं जुळवून घ्या.

मग रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचा साठा उघडणारं साधन. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. तसंच एचकी करंट युझरखालीही. एज वापरत असाल तर पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज. आधी त्या 'क्रोम' फोल्डरवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा, मग डिलीट.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत दिसलं की हात टेकतात. कारण रजिस्ट्रीतली नोंद ही नक्कल आहे, मूळ प्रत सी ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टम३२, ग्रुपपॉलिसी या लपलेल्या फोल्डरात 'रजिस्ट्री डॉट पीओएल' फाइलमध्ये असते. विंडोज ठराविक वेळाने ती वाचून रजिस्ट्रीत पुन्हा लिहितं. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा, 'ग्रुपपॉलिसी' आणि असल्यास 'ग्रुपपॉलिसीयुझर्स' या फोल्डरांची नावं बदला, शेवटी 'जुनं' लावलंत तरी चालेल. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'जीपीअपडेट, स्लॅश फोर्स' चालवा, रीस्टार्ट करा. मगच रजिस्ट्री डिलीट टिकेल. केंद्राचं किंवा घरचं मशीन असेल तरच हे करा. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनवर हात लावू नका, तिथे पॉलिसी खरीच असते.

आणि क्रोमचा डेस्कटॉपवरचा शॉर्टकट. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'. क्रोम डॉट ईएक्सई आणि त्यानंतरच्या अवतरणचिन्हापुढे एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा. टास्कबारवर पिन केलेला शॉर्टकट वेगळा असतो, तो अनपिन करून नव्याने लावा. हा एवढासा पत्ता शोधण्यात लोकांचे तासन्‌तास गेलेत.

टंकन_भंवरकुआं
पॉलिसीच्या यादीत फोर्सलिस्ट सापडली, तिन्ही मशीनवर बत्तीस अक्षरं तीच. टास्कमध्येही एक नोंद आहे, ॲपडेटातल्या फोल्डरातून डब्ल्यूस्क्रिप्ट चालवणारी, दर तासाला. शंका अशी की क्रोममधलं जुनं 'क्लीनअप टूल' दिसत नाही, तेही यानेच पळवलं का?

कळफलक
नाही. ते गूगलनेच मार्च २०२३ मध्ये बंद केलं. जुने लेख अजून तेच सुचवतात. आता सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज' आहे, त्याने बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन बंद होतात. बंद होतात, निघत नाहीत, ती हाताने काढा.

मुलं स्वतःच्या गूगल खात्याने क्रोममध्ये साइन इन करत असतील तर आणखी एक वाट उघडी राहते. सिंक चालू असेल तर एक्स्टेन्शन खात्याबरोबर प्रवास करतं. इथे काढलेलं त्याच खात्यातून दुसऱ्या मशीनवर उतरतं आणि तिथून परत इथे. केंद्रात क्रोम 'गेस्ट' म्हणूनच उघडायची सवय लावा.

सुदामानगर_ताई
डीएससीच्या मशीनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तिथे जपून हात घालायला हवा.

काही जाहिरातवाले स्पायवेअर स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे रूट सर्टिफिकेट, विंडोजच्या विश्वासू यादीत घुसवतात. मग बँकेच्या साइटवर कुलपाची खूण दिसते, पण मध्ये बसलेला प्रोग्राम सगळं उघडून वाचू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच भरलेलं सुपरफिश यासाठीच गाजलं. सगळ्या लॅपटॉपांवर एकच खाजगी किल्ली होती, ती लोकांनी शोधून काढली आणि मग कोणालाही खोटं प्रमाणपत्र बनवता येऊ लागलं. प्रोग्राम काढला तरी प्रमाणपत्र मागे राहत होतं, ते वेगळं काढावं लागलं. म्हणून अनइन्स्टॉलवर थांबू नका.

तपासायचं असं: सिसइंटर्नल्समधलं 'सिगचेक' घ्या, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याच्यापुढे डॅश लावून 'टीव्ही' लिहा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत न बसणारी प्रमाणपत्रं तेवढी समोर येतात. तीच आज्ञा 'टीयूव्ही' लिहून चालवली की चालू युझरची यादी येते. यासाठी नेट थोडा वेळ जोडावं लागेल, कारण यादी ते नेटवरून घेतं.

आता महत्त्वाचं. त्या यादीत 'सीसीए इंडिया' दिसलं तर ते काढायचं नाही. भारतातल्या सगळ्या डीएससीचं मूळ तेच आहे. उत्साहाच्या भरात ते उडवलं की जीएसटी, आयकर, ई-टेंडर कुठेच सही धड होत नाही आणि माणूस टोकन खराब झालं म्हणून नवं विकत घ्यायला निघतो. तसंच आधारच्या फिंगरप्रिंट यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे त्या यंत्राबरोबर चालणारा प्रोग्राम. ती मशीनवरच १११०० ते १११२० या पोर्टांवर ऐकत बसते, वरवर पाहता संशयास्पदच वाटते. आधारचं काम करणाऱ्या किओस्कवाल्यांनी ऑटोरन्समध्ये तिची खूण काढू नये. अँटिव्हायरसही काही वेळा स्वतःचं प्रमाणपत्र घालतो, त्याचं नाव ओळखीचं असतं.

अनोळखी नाव, आणि 'व्हॅलिड फ्रॉम'ची तारीख नेमकी कन्व्हर्टर आला त्याच दिवसाची, असं जुळलं तर स्टार्टमध्ये 'मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स' उघडून आधी एक्स्पोर्ट आणि मग डिलीट.

रामबाग_नेटवर्क
ताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्याच जोडीला नेटचा रस्ता तपासा. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी: 'सेटअप स्क्रिप्ट' आणि 'प्रॉक्सी सर्व्हर' दोन्ही बंद हवेत. ॲडॉप्टरच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक', किंवा तुम्ही स्वतः भरलेला असेल तोच. होस्ट्स फाइल, म्हणजे कुठल्या साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी फाइल, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसीमध्ये असते. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून पाहा, मूळ फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण असते. अँटिव्हायरस कंपन्यांची नावं तिथे दिसली तर त्या साइट अडवण्यासाठीच लिहिलेली असतात.

साफ केल्यावर 'नेट चालतच नाही' ही तक्रार नेहमीची. प्रॉक्सी प्रोग्राम गेला पण सेटिंग त्याच्याकडेच बोट दाखवत राहिलं, एवढंच असतं. प्रॉक्सी बंद करा. तरी नाही चाललं तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच विनसॉक रीसेट' आणि रीस्टार्ट.

छावणी_हार्डवेअर
एवढी उस्तवारी करण्यापेक्षा दोन-तीन अँटिव्हायरस एकदम टाकून स्कॅन का नाही लावायचे?

कळफलक
एकाच वेळी पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या फाइल धरून बसतात, मशीन मरगळतं. दुसरा टाकला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बाजूला होतो, आणि दुसऱ्याची मुदत संपली की पहाऱ्यावर कोण आहे ते पाहावं लागतं. कायमचा एकच ठेवा. मागणीनुसार चालणारे स्कॅनर कितीही वापरा.

क्रम असा ठेवा. आधी डिफेंडरच्या 'एक्स्क्लूजन्स', म्हणजे तपासणीतून सूट दिलेल्या जागा, पाहा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली. तिथे पूर्ण सी ड्राइव्ह किंवा ॲपडेटा सूट म्हणून नोंदवलेला असेल तर तुमचा अँटिव्हायरस 'सगळं ठीक' का म्हणत होता ते कळेल. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारे प्रोग्राम) ही सूट मागूनच आत येतात. ती काढा. मग 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा. त्यातली 'ब्लॉक डाउनलोड्स'ची खूण फक्त एजसाठी काम करते, क्रोमवाल्यांनी तिच्यावर विसंबू नये.

मग ॲडब्ल्यूक्लीनर. सापडलेली यादी वाचल्याशिवाय क्वारंटाइन दाबू नका. 'प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर' हा विभाग वेगळा येतो, त्यात लॅपटॉप कंपनीची निरुपद्रवी साधनंही असतात, त्यावरच्या खुणा तुमच्या मर्जीच्या. शेवटी 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. निकाल नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतो. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर, पण तो उतरवल्यापासून १० दिवसांत बाद होतो, पेनड्राइव्हवर साठवून ठेवण्यात अर्थ नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही मोफत साधनं मिळतात.

सेफ मोड किंवा ऑफलाइन स्कॅनच्या आधी एक खबरदारी: मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. ऐन वेळी ती मागितली आणि हाताशी नसली तर सगळं काम अडतं.

छावणी_हार्डवेअर
मान्य. तरी माझं म्हणणं कायम आहे, बँकेचं काम होत असेल तर फॉरमॅटच.

सुदामानगर_ताई
यात दोघंही बरोबर आहात, फरक रोगाचा आहे. शोध वळवणारं, जाहिराती दाखवणारं असेल तर वरची साफसफाई पुरते. पण कुठल्याही मशीनवर क्रॅक चालवलेला असेल, किंवा स्कॅनमध्ये 'स्टीलर', 'ट्रोजन', 'रूटकिट' असे शब्द आले असतील, तर विश्वास ठेवू नये. स्टीलर काही मिनिटांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी उचलून स्वतःला पुसूनही टाकतो. मशीन स्वच्छ दिसतं, माल गेलेला असतो.

अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात. चोराकडे कुकी, म्हणजे तुम्ही साइन इन केल्याची ब्राउझरमधली खूण, असेल तर तो पासवर्ड न विचारता आत बसलेला असतो, काही ठिकाणी पासवर्ड बदलूनही त्याला धक्का लागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

फॉरमॅट करायचंच तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, तेही स्वच्छ मशीनवर बनवलेलं. बॅकअपमध्ये कागदपत्रं, फोटो, टॅलीचा डेटा एवढंच घ्या. ॲपडेटा फोल्डर आणि ईएक्सई फाइल घेऊ नका, नाहीतर रोगही सोबत परत येतो. मशीन दुरुस्तीला सिल्व्हर मॉलला द्या नाहीतर जेल रोडला, आधीच सांगून ठेवा की ॲक्टिव्हेटर टाकायचा नाही. मूळ विंडोज असलेल्या मशीनचं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी बांधलेलं असतं. तीच आवृत्ती टाकून नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

कळफलक
आता मुळावर. या मुलांना ते कन्व्हर्टर-कळफलक उतरवायची गरजच नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. हिंदीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच आहे, सेटिंग्जमधल्या भाषेच्या यादीत हिंदी जोडली की झालं. रेमिंग्टन गेलसाठी मायक्रोसॉफ्टचं 'इंडिक इनपुट' मोफत आहे. कृतीदेव हा फॉन्ट आहे, आणि फॉन्टची फाइल टीटीएफ असते. कृतीदेव म्हणून ईएक्सई फाइल हातात आली तर ती उघडायचीच नाही. यासाठी एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सगळ्या मशीनवर चालू ठेवा, नाहीतर 'कृतीदेव डॉट टीटीएफ डॉट ईएक्सई'मधलं शेवटचं दिसतच नाही. कृतीदेवचा मजकूर युनिकोडमध्ये न्यायला वेबपानावर चिकटवून चालणारे कन्व्हर्टर आहेत, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मात्र अशा पानाने 'नोटिफिकेशनला परवानगी द्या' म्हटलं तर नाही म्हणायचं. कोपऱ्यात येणाऱ्या 'व्हायरस सापडला' अशा बहुतेक चौकटी त्या परवानगीतूनच येतात, मशीनमध्ये काही नसतानाही. आधीच दिलेली परवानगी क्रोमच्या 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'नोटिफिकेशन्स'मधून काढता येते.

बाकी सॉफ्टवेअर 'विनगेट'ने, म्हणजे आज्ञा लिहून सॉफ्टवेअर बसवण्याच्या विंडोजच्या सोयीने, घ्या. संशय असलेली फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटिव्हायरसांकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर, टाकून पाहा, मर्यादा ६५० एमबीची आहे. छोट्याशा कामाचा प्रोग्राम झिपमधून उलगडल्यावर ७०० एमबीचा निघाला तर त्याला मुद्दाम फुगवलाय, तपासणी चुकवायला. आणि कोणाचं आधार किंवा पॅनचं स्कॅन तिथे चढवू नका, तिथली फाइल इतरांनाही उपलब्ध होऊ शकते.

रामबाग_नेटवर्क
विद्यार्थ्यांचं खातं 'स्टँडर्ड' करा, ॲडमिन पासवर्ड फक्त तुमच्याकडे. ॲपडेटामध्ये तरीही काही बसू शकतं, पण सर्व्हिस, मशीनची पॉलिसी आणि मशीनचं रूट सर्टिफिकेट या तिन्ही गोष्टींना ॲडमिन लागतो. वर ज्या ज्या गोष्टीने तुम्हाला छळलं त्यातली बहुतेक तिथेच अडली असती.

टंकन_भंवरकुआं
दोन मशीन नेट जोडूनही दिवसभर स्वच्छ आहेत, पॉलिसीचं पान रिकामं, टास्क परत आलेला नाही. डीएससीच्या मशीनवर सिगचेकमध्ये सीसीए इंडियाशिवाय एक अनोळखी नाव आलं, तारीख कन्व्हर्टरचीच. आणि एक्स्क्लूजन्समध्ये सी ड्राइव्ह होता.

सुदामानगर_ताई
मग त्या एका मशीनवर साफसफाई थांबवा. प्रमाणपत्र आणि सूट दोन्ही असणं म्हणजे ॲडमिन हक्क त्याच्या हातात होते. टोकन काढून ठेवा. टोकनमधली किल्ली सहसा बाहेर येत नाही, पण पिन टाइप करताना टिपला गेला असू शकतो, तो स्वच्छ मशीनवर टोकनच्या मॅनेजरमधून बदला. जीएसटी पोर्टलचा आणि त्याला जोडलेल्या ईमेलचा पासवर्डही तिथूनच. टॅलीचा डेटा घ्या आणि हे मशीन नव्याने बसवा. नव्या विंडोजवर आधी टोकनचा ड्रायव्हर, मग सीसीए इंडियाची प्रमाणपत्रं, मग पोर्टलवर सही करून देणारा एमसाइनर, याच क्रमाने.

टंकन_भंवरकुआं
टोकन काढलं. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बनतोय.